उसनी नखे आणि त्यांचा उतारा

देहाला सजविण्यासाठी मनुष्याने जे अनेक उपाय योजिले, त्यांत नखे रंगविण्याचा उपाय फार जुना आहे. आपल्याकडे मेंदी आणि अळिता यांची परंपरा घरोघरी चालत आली. मेंदीचा रंग एकदा नखात मुरला म्हणजे तो पुसून काढण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. नख वाढे, रंगलेला भाग टोकाकडे सरके आणि नख कापताना तो आपोआप जाई. सृष्टीनेच लावलेला तो हिशेब होता. चीनमध्ये मांचू राजवटीतील राजस्त्रिया लांबलचक नखे वाढवीत व ती मोडू नयेत म्हणून त्यांवर सोन्यारूप्याच्या टोप्या घालीत. १९०८ साली निवर्तलेल्या सम्राज्ञी त्सु-शी हिच्या छायाचित्रांत या टोप्या स्पष्ट दिसतात. परंतु त्या अंगठीसारख्या चढविण्याच्या आणि अंगठीसारख्याच उतरविण्याच्या होत्या. तात्पर्य, जुन्या काळी नखांचा शृंगार कसा करावा याचा विचार झाला असला, तरी तो उतरवावा कसा, याची चिंता कोणाला करावी लागली नाही.

ही चिंता विसाव्या शतकाने निर्माण केली. आज विवाहसमारंभाच्या निमित्ताने बोटांवर ॲक्रिलिकची नखे बसवून घेण्याची प्रथा मोठ्या शहरांतून लहान शहरांतही पोहोचली आहे. ती बसविणारा हात बहुधा शिकलेला असतो, पण उतरविणारा हात पुष्कळदा घरातलाच असतो, आणि घाईचा असतो. ही नखे उतरविण्याचे जे नियम आज सांगितले जातात, ते कोणाच्या लहरीतून आलेले नाहीत. त्यांतील बहुतेक प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी नुकसान उभे आहे. म्हणून त्या नियमांचा इतिहास समजून घेणे हाच ते पाळण्याचा सर्वांत चांगला मार्ग होय.

या इतिहासाचे पहिले प्रकरण नखरंगाचे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींचा धंदा भरभराटीला आला. मोटारींना लावण्यासाठी झटपट वाळणारा, चकचकीत असा नवा लेप १९२० नंतरच्या दशकात प्रचारात आला. त्याचे मुख्य द्रव्य नायट्रोसेल्युलोज, म्हणजे ज्याच्यापासून बंदुकीची दारू होते त्याच कापूसजन्य पदार्थाचे सौम्य रूप. तोच लेप रंग मिसळून बाटलीत भरला गेला आणि नखांवर चढला. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली रेव्हलॉन ही कंपनी याच मालावर नावारूपाला आली. आपल्याकडे १९५२ साली टाटा उद्योगसमूहाने लॅक्मे ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी मुंबईत काढली आणि नखरंगाची बाटली भारतीय मध्यमवर्गाच्या आरशापुढे येऊन बसली. हा रंग पुसण्यास अवघड नव्हता. ॲसिटोनमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा फिरविला की काम भागे. पण तो लेप फक्त रंग देई. नखाला लांबी देण्याचे सामर्थ्य त्यात नव्हते.

लांबी दिली ती ॲक्रिलिकने. या पदार्थाची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओट्टो रोम याने १९०१ साली ॲक्रिलिक आम्लाच्या संयुगांवर प्रबंध लिहिला. पुढे तीस वर्षांनी त्या अभ्यासाला फळ आले. १९३० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी काचेसारखे पारदर्शक, पण काचेप्रमाणे न तडकणारे ॲक्रिलिक तयार झाले. जर्मनीत त्याला प्लेक्सिग्लास म्हणू लागले, इंग्लंडमध्ये पर्स्पेक्स. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या चालकाभोवतीचे पारदर्शक आच्छादन याच पदार्थाचे असे. विमानावर गोळ्या लागून आच्छादन फुटले की त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. लंडनचे नेत्रवैद्य हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आले की हे कण डोळ्यात राहूनही डोळा बिघडत नाही. त्या निरीक्षणाच्या आधारावर त्यांनी १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात ॲक्रिलिकचे भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. आज लक्षावधी लोकांना दृष्टी देणाऱ्या उपचाराचा प्रारंभ तो होय.

दंतवैद्यांनी तर याहीपूर्वी ॲक्रिलिक आपलेसे केले होते. १९३७ च्या सुमारास कवळीचा हिरडीसारखा भाग रबराऐवजी ॲक्रिलिकचा होऊ लागला आणि पुढल्या दहा-बारा वर्षांत रबराची कवळी जवळजवळ नाहीशी झाली. ही कवळी घडविण्याची रीत नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण तीच पुढे नखांपर्यंत आली. एका भांड्यात ॲक्रिलिकची भुकटी असते, दुसऱ्यात पातळ द्रव. दोन्ही एकत्र केली म्हणजे कणकेसारखा गोळा होतो आणि तो थोड्याच वेळात कठीण बनतो. प्रथम त्याला उष्णता द्यावी लागे. महायुद्धाच्या काळात जर्मनीमध्ये उष्णतेवाचून, खोलीतल्या हवेतच घट्ट होणारे मिश्रण निघाले. या शोधामुळे ॲक्रिलिक थेट माणसाच्या अंगावर घडविणे शक्य झाले.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दंतवैद्याचे नख काम करताना मोडले आणि त्याने दातांसाठी ठेवलेल्या ॲक्रिलिकनेच ते सांधले, असे सांगितले जाते. या तात्पुरत्या डागडुजीतूनच नखांचा नवा धंदा उभा राहिला. दंतवैद्याच्या टेबलावरचे भुकटी आणि द्रव सौंदर्यप्रसाधनाच्या टेबलावर गेले. ब्रश द्रवात बुडवावा, भुकटीला टेकवावा, आणि वर आलेला मण्याएवढा गोळा नखावर पसरावा, ही कृती तेव्हापासून आजतागायत बदललेली नाही.

मात्र एक गोष्ट प्रारंभी कोणी फारशी ध्यानात घेतली नाही. घट्ट झालेले ॲक्रिलिक निरुपद्रवी असते. ते डोळ्यात राहू शकते, तोंडात राहू शकते. परंतु ज्या द्रवापासून ते बनते तो द्रव कच्च्या स्थितीत तसा निरुपद्रवी नसतो. आरंभी वापरला जाणारा द्रव मिथिल मेथाक्रिलेट हा होता. १९७० नंतर लवकरच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारी येऊ लागल्या. कोणाची नखे वेडीवाकडी झाली होती, कोणाच्या बोटांना खाज व पुरळ आले होते. चौकशीअंती निव्वळ मिथिल मेथाक्रिलेट असलेली नखप्रसाधने न्यायालयीन कारवाईने व जप्तीने बाजारातून दूर करण्यात आली. त्या चौकशीत घट्ट झालेल्या ॲक्रिलिकवर दोष आला नाही, कच्च्या द्रवावर आला. त्याच्या जागी इथिल मेथाक्रिलेट हा तुलनेने सौम्य द्रव आला.

तथापि जुना द्रव स्वस्त असल्यामुळे तो चोरपावलांनी परत येत राहिला. त्याच्यापासून झालेले नख अतिशय कडक असते. ते धक्क्याने तुटत नाही. त्याऐवजी खालचे खरे नख मुळापासून उचकटते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते ॲसिटोनला सहजासहजी दाद देत नाही. अर्धापाऊण तास भिजवूनही जे नख मऊ होत नाही, ते याच द्रवाचे असण्याचा दाट संभव असतो. घरी नखे उतरविणाऱ्याने ही खूण लक्षात ठेवावी. अशा वेळी हट्टाने ओढाताण करू नये. वाढलेला भाग हळूहळू कापीत जावे, किंवा जाणत्या कारागिराकडून ते कानशीने झिजवून घ्यावे.

आता ॲसिटोनविषयी. ज्या द्रवाने स्त्रिया आज नखे उतरवितात, त्याच्यासाठी शंभर वर्षांपूर्वी साम्राज्ये तळमळत होती. ब्रिटिशांच्या तोफांत जळणारे कॉर्डाइट तयार करण्यास ॲसिटोन लागे. ते लाकूड बंद पात्रात तापवून मिळविले जाई आणि त्यासाठी इंग्लंडला बाहेरच्या मालावर अवलंबून राहावे लागे. पहिल्या महायुद्धात त्याचा तुटवडा पडला. तेव्हा मँचेस्टर येथील रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांनी मका वगैरे पिष्टमय धान्य एका विशिष्ट जंतूकडून आंबवून ॲसिटोन मिळविण्याची पद्धती सिद्ध केली. पुढे १९४९ साली इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते हेच वाइझमन. धान्य वाचविण्यासाठी १९१७ साली इंग्लंडातील शाळकरी मुलांना रानातील हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करावयास लावण्यात आले होते. आपल्या नाशिकलाही त्या युद्धाच्या निमित्ताने ॲसिटोनचा कारखाना उभारण्यात आला होता. बाटलीवरच्या लहानशा लेबलामागे केवढा मोठा इतिहास दडलेला असतो, याचे हे एक उदाहरण.

तोफखान्यातून आलेल्या या द्रवाचा स्वभाव मात्र बदललेला नाही. ॲसिटोन ५६ अंश सेल्सियसला उकळते, आणि थंड खोलीतही त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीजवळ, देवघरातील समईजवळ किंवा पेटत्या उदबत्तीजवळ हे काम कदापि करू नये. लवकर व्हावे म्हणून ॲसिटोन आचेवर तापविणे तर आगीला आमंत्रण देणेच होय.

ॲसिटोन ॲक्रिलिकचे नख साखर पाण्यात विरघळावी तसे विरघळवीत नाही. ॲक्रिलिकच्या कणांची साखळी जाळ्यासारखी एकमेकींत गुंतलेली असते. ॲसिटोन त्या जाळ्यात शिरते, जाळे फुगते, सैल होते आणि खरबरीत लगद्यासारखे बनते. या शिरण्याला वेळ लागतो. पातळ नखरंग एका मिनिटात जातो, पण ॲक्रिलिकला वीस ते चाळीस मिनिटे द्यावी लागतात. हे एक तत्त्व समजले की उरलेले सर्व नियम आपोआप समजतात. घाई करणारा मनुष्य ॲसिटोनचे काम आपल्या बोटांच्या बळाने करू पाहतो, आणि मग ॲक्रिलिकबरोबर खऱ्या नखाचे पापुद्रेही निघून येतात. खरे नख सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे, केराटिनच्या थरावर थर बसून झालेले असते. वरचे थर गेले की ते कागदासारखे वाकते, पाणी लागले तरी झोंबते.

या इतिहासातील सर्वांत दुःखद पान १९८८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. त्या वेळी कृत्रिम नखे व त्यांचा गोंद काढण्यासाठी ॲसिटोनिट्राइल नावाचा द्रवही विकला जाई. नावात साम्य असले तरी गुणांत फार मोठे अंतर आहे. ॲसिटोनिट्राइल पोटात गेल्यावर शरीरात त्याचे हळूहळू सायनाइड बनते. सोळा महिन्यांच्या एका बालकाने त्या बाटलीतील १५ ते ३० मिलिलिटर द्रव प्याला. कोणताही उपचार झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मृतावस्थेत आढळले. दोन वर्षांच्या दुसऱ्या एका बालकाने त्याहून कमी, म्हणजे ५ ते १० मिलिलिटर घेतले होते. त्याची अवस्था अत्यंत गंभीर झाली, पण रुग्णालयातील शर्थीच्या उपचारांमुळे ते वाचले. या विषाचा घात तासा-तासांनी उशिरा दिसतो, हेच त्यातले भयंकर. प्रथम मूल खेळते-बागडते दिसते आणि आईबापांना वाटते की संकट टळले. या घटनांनंतर १९९० मध्ये अमेरिकेत नियम झाला की असा द्रव ज्या बाटलीत असेल तिचे झाकण लहान मुलांना उघडता येणार नाही असेच असले पाहिजे.

यावरून घरातील प्रत्येकाने दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, बाटली घेताना लेबल वाचावे. त्यावर ॲसिटोनिट्राइल किंवा मिथिल सायनाइड हे शब्द असल्यास ती घरात आणू नये. दुसरी, नखांसाठी वापरलेला कोणताही द्रव मुलाने प्याल्यास वाट पाहत बसू नये. घरी वांती करविण्याचा प्रयत्न न करता, बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठावे. बाटली पाहिल्यावाचून वैद्याला विष कोणते हे कळणे कठीण असते.

कृत्रिम नखांचा प्रश्न रुग्णालयाच्या दारातही उभा राहतो. रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र बोटाच्या टोकातून प्रकाश पाठवून मोजणी करते. त्या वाटेत रंगीत वा जाड नख आले तर मोजणीत अडथळा येऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी नखे मोकळी करण्यास सांगतात. शुश्रूषेच्या क्षेत्रात तर हा विषय अधिक गंभीर आहे. १९९७-९८ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात एका जंतूची साथ दीर्घकाळ चालली, आणि तिच्या तपासात परिचारिकांच्या लांब व कृत्रिम नखांकडे संशयाची सुई वळली. २००२ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या मार्गदर्शक सूचनांत अत्यवस्थ रुग्णांची सेवा करणाऱ्यांनी कृत्रिम नखे वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले. बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा आजाऱ्याची सेवा अशा प्रसंगी अनेक घरांत नखे एका रात्रीत उतरविण्याची धांदल उडते, ती याचमुळे. आणि धांदलीतच इजा होते.

तेव्हा शांतपणे, तासाभराची सवड काढून करावयाची रीत पुढीलप्रमाणे आहे. खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत बसावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे. टेबलावर जुना सुती कपडा अंथरावा, कारण ॲसिटोन लाकडावरील रोगण व कित्येक कृत्रिम कापडे खराब करते. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. प्लॅस्टिकची वाटी विरघळू शकते. प्रथम नखकात्रीने बाहेर आलेली लांबी बेताने कापावी. नंतर कानशीने वरची चकाकी घासून काढावी, म्हणजे ॲसिटोनला आत शिरण्यास वाट मिळते. ही कानशी खऱ्या नखापर्यंत पोहोचू देऊ नये. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावावे, कारण ॲसिटोन कातडीतील स्निग्धांश शोषून घेते.

मग नखाएवढा कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवावा आणि त्यावर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा पातळ कागद घट्ट गुंडाळावा. त्यामुळे वाफ उडून जात नाही. एका वेळी एकाच हाताचे काम घ्यावे, म्हणजे दुसरा हात मोकळा राहतो. वीस मिनिटांनी एक बोट उघडून पाहावे. ॲक्रिलिक मऊ झाले असेल तर लाकडी काडीच्या बोथट टोकाने मुळाकडून टोकाकडे ते हळुवार सरकवावे. काडीला अडथळा झाला तर जोर न करता नवा भिजविलेला बोळा ठेवून आणखी दहा मिनिटे थांबावे. चाकू, पाते, दात किंवा नखाखाली घातलेला दोरा यांना या कामात मुळीच स्थान नाही. शेवटी हात साबणाने धुऊन, पुसून, नखांना व बोटांना खोबरेल तेल चोळावे. वापरलेले बोळे घराबाहेर झाकणाच्या डब्यात टाकावेत. ते ओले असेपर्यंत पेट घेऊ शकतात.

नख हिरवट दिसले, ठणका लागला, पू झाला किंवा नख खालच्या मांसापासून सुटलेले आढळले, तर त्यावर पुन्हा नवे नख चढवून दोष झाकू नये. वैद्याला दाखवावे. मधुमेही व्यक्तींनी तर घरगुती प्रयोगापूर्वीच सल्ला घेणे श्रेयस्कर.

एवढे करूनही खाली उघडे पडलेले नख प्रथम निस्तेज व पातळ दिसते. त्याला उपाय एकच, आणि तो म्हणजे काळ. अमेरिकेतील विल्यम बीन नावाच्या वैद्याने आपल्याच अंगठ्याच्या नखाची वाढ पस्तीस वर्षे मोजली आणि १९८० साली ती नोंद प्रसिद्ध केली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढे. सदुसष्टाव्या वर्षी ती वाढ ०.०९५ मिलिमीटरवर आली. म्हणजे हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर पुढे सरकते, आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे होण्यास सुमारे सहा महिने लागतात. एका क्षणाच्या ओढीने गेलेला थर परत मिळविण्यास अर्धे वर्ष लागते, असा हा हिशेब आहे.

नखांना शोभा आणावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. इतिहासाला त्याबद्दल काही म्हणावयाचे नाही. परंतु मेंदीच्या काळी जी गोष्ट निसर्ग आपल्या गतीने करीत असे, ती आता माणसाच्या हाती आली आहे. उसनी आणलेली वस्तू नीटपणे परत करावी अशी आपल्या घरांतील जुनी शिकवण आहे. उसन्या नखांनाही तीच लागू पडते. बाटलीचे लेबल वाचण्यास एक मिनिट लागते, बोळा मुरण्यास अर्धा तास लागतो. एवढा वेळ ज्या घरात दिला जाईल त्या घरातील बोटे आणि मुले, दोन्ही सुरक्षित राहतील.